हायड्रोजनची गाडी आणि पेटती भट्टी

लाल दिवा लागला आणि गाडी आपोआप बंद पडली. वसमतच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. पन्नासेक पावलांवर हळद शिजवायची भट्टी धडधडत होती. वारा गाडीकडून भट्टीकडे.

मी टेस्ट इंजिनिअर. कॉन्सेप्ट कार, म्हणजे अजून विकायला न काढलेली नमुन्याची गाडी, उन्हात आणि खराब रस्त्यांवर चालवून बघणं हे माझं काम. या गाडीत फ्युएल सेल होता. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्यात वीज तयार होते. धूर नाही, फक्त पाणी. पण हायड्रोजनला ना रंग ना वास. पेटला तर उन्हात ज्योतही धड दिसत नाही.

लाल दिवा म्हणजे डिकीत गॅस. अशा वेळी टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. मग डिकीतल्या गॅसचा आकडा उतरायला हवा होता. हातातल्या टॅबवर तो चढत होता. दोन टक्के. चारला पेटायला एक ठिणगी पुरते.

डिकी उघडली की गॅस वर उडून जातो. पण भट्टी पेटलेली असताना उघडायची कशी?

लांब जाऊन पुण्याला साहेबांना फोन केला.

"मॅडम, लोकांना गळती म्हणू नका. उद्या डेमो आहे. इंजिन तापलं म्हणा."

"सर, या गाडीला इंजिनच नाही," म्हणून मी फोन ठेवला आणि भट्टीकडे पळाले.

भट्टी काशीबाईंची. त्या कढईपाशीच उभ्या होत्या.

"मावशी, आग इझवा!"

"काहून? आत्ताच तर कढई भरली. माल कच्चा राहीन ना!"

"माझ्या गाडीतून गॅस गळून राहिला. दिसत न्हाई, वास येत न्हाई. पेटला तर आपण सगळेच जाऊ."

त्या कामावरच्या बायकांकडे वळल्या. ओरडल्या, "पाणी वता गं! सगळ्या तिकडं व्हा!"

भट्टी फसफसून विझली. शेवटचा निखारा काळा होईपर्यंत थांबले. आकडा तीनवर. किल्ली दोनदा चुकली. डिकी उघडली आणि मागे पळाले. दोन. एक. शून्य. मग टाकीचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह आवळला. धक्क्यांनी पाइपचा जोड सैल झाला होता आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह अर्धाच बसला होता.

डेमो रद्द झाला. काशीबाईंची ती कढई वाया गेली. साहेब आठवडाभर तुटक बोलत होते.

आमचं सेफ्टी मॅन्युअल चांगलं जाडजूड. 'आगीपासून दूर राहा' हे त्यात दहा ठिकाणी होतं. आग दुसऱ्याची असेल तर काय करायचं, ते कुठेच नव्हतं. मी एक ओळ घालायला लावली: खरं काय ते लगेच सांगा.