टाकी भरली

हे बायकोला माहीत नाही. आई गेली, तिलाही सांगितलं नाही. आता तुम्हाला सांगतो — आणि तुम्ही 'जाऊ द्या हो, जुनी गोष्ट' असं म्हणणार असाल तर इथंच थांबा. तसलं समजूतदार बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सुप्याकडं कारखाने येऊ लागले, तेव्हाची गोष्ट. नव्वदनंतरची. आम्ही घराला लागून भाड्याच्या दोन खोल्या काढल्या. भाडेकरूंना वेगळा संडास, आम्हाला वेगळा, मागं टाकी मात्र एकच. चांगली ऐसपैस. झाकण बसवताना गवंडी म्हणाला होता, आता पाच-सहा वर्षं हिच्याकडं बघायचं काम नाही. मीही तिला जपायचो. ॲसिड ओतू द्यायचो नाही. खोलीची किल्ली देताना पहिलं बजावायचो — संडासात कापड टाकायचं नाही, पाइप तुंबतो. हे मी बजावायचो, बरं का. मी.

खोल्यांत पहिल्यांदा आले प्रकाश आणि सुनंदा. तो कारखान्यात फिटर. तिला दिवस गेलेले. सामान लागलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. मी पाहिली. मला काय त्याचं? पण मग भावकीनंही पाहिली. चहाच्या टपरीवर माझा चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "लई सुधारला की रं तू." बस्स, एवढंच. कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी दगड मारला नाही. एका टोमण्यानं माझी गाळण उडाली.

आता खोली खाली करा म्हणायचं कसं? जात काढायची हिंमत नव्हती. आम्ही शिकलेले ना — आम्ही जात काढत नाही. आम्ही म्हणतो, टाकी भरली.

तसंच म्हणालो. टाकी भरली, माणसं जास्त झाली. दोन माणसं आणि जास्त! प्रकाश म्हणाला, उपसून घेऊ की. म्हणजे आता काहीतरी तुंबलेलं दिसायला पाहिजे होतं. तो पाळीला गेलेला असताना मी त्यांच्या संडासामागच्या चेंबरचं झाकण उचललं आणि टाकीकडं जाणाऱ्या पाइपात आईचं जुनं लुगडं कोंबलं. हिरवं, लाल काठाचं. हाताला लागलं ते घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या संडासात घाण वर आली. आमच्यातलं पाणी मात्र सरळ जात होतं. टाकी खरंच भरली असती तर दोन्हीकडं तुंबलं असतं, एवढीही अक्कल मला नव्हती. ती पोटुशी बाई डबा घेऊन ओढ्याकडं जायला लागली. मी ओट्यावर बसून बघायचो. आई म्हणाली, "तिला आपल्यात जाऊ दे की." मी म्हणालो, मग आपलाबी तुंबंल.

आणि टपरीवर काय सांगत होतो? आमच्या म्हातारीला चालत नाही म्हणून. ही म्हातारी रोज सुनंदाकडून सुईत दोरा ओवून घ्यायची, तिच्या हातचा चहा प्यायची. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सुट्टीच्या दिवशी प्रकाशनं बांबूला आकडी बांधली. आधी पहारीनं टाकीचं झाकण सरकवून आत बघितलं. मग चेंबरमध्ये आकडी घातली आणि ते लुगडं ओढून काढलं. मी शेजारी उभा होतो. त्यानं ते आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर पसरलं, टपटप गळत होतं तसंच.

"टाकी न्हाई भरली, दादा," म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दुपारी त्यानं टेम्पो आणला. सामान चढत होतं, शेजारचे चार जण बघत होते, आणि आई बाहेर आली. भिंतीकडं बघून म्हणाली, "माझं लुगडं हितं कसं आलं?"

इथवर सांगितलं ते काहीच नाही. तेवढंच असतं तर कदाचित मी ते कुणाला तरी सांगूनही मोकळा झालो असतो. प्रकाश माझ्याकडं बघत होता. मी काय बोलतो याची वाट बघत होता — आणि मी म्हणालो, यांनीच चोरलं असंल.

सुनंदा म्हणाली, "न्हाई वो, आजी." आईनं तोंड फिरवलं.

चोराला खोली कोण देतं? सुप्यात त्यांना कुणी उभं केलं नाही. दोन घरमालक मला विचारायला आले होते. त्यांनाही मी तेच सांगितलं, थंड डोक्यानं, ओट्यावर बसून. पुढं प्रकाशनं नोकरी सोडल्याचं कळलं. कुठं गेले, मी विचारलं नाही.

टेम्पो गेल्यावर आईनं ते लुगडं धुतलं आणि दोरीवर टाकलं. म्हणाली, "मागितलं असतं तर न्हाई म्हनले असते का? तिच्याच बाळाच्या दुपट्याला काढून ठेवलं हुतं."

पुढं कुणी सुनंदाचं नाव काढलं की आई म्हणायची, पोरगी चांगली वाटली हुती, पण हात वाईट निघाला. मरेपर्यंत म्हणायची. मी समोर जेवत असायचो.

हात माझा होता.