सरांचा गाजलेला शोधनिबंध

“आज कोण्ही अमचं नांव घेतलं का, मा?”

दारातून नुसतं डोकं आत घालून सर रोज सकाळी मला हे विचारायचे. ‘मा’ म्हणजे तमिळमधलं ‘पोरी’. उरलेलं अंग मागाहून, डबा आणि छत्री सांभाळत यायचं.

नाव घेणं म्हणजे दुसऱ्या संशोधकानं आपल्या निबंधात सरांच्या निबंधाचा संदर्भ देणं. असे संदर्भ संगणकावर शोधणं हे माझं काम. चेन्नईतल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेतली ती माझी पहिली नोकरी. इंटरनेट तेव्हा नुकतंच आमच्या टेबलापर्यंत पोचलं होतं. संदर्भ नसला तर “पर्वाइल्लै” म्हणून, म्हणजे हरकत नाही म्हणून, सर कॉफीकडे वळत. सापडला की सगळ्या प्रयोगशाळेला मैसूरपाक.

सरांचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेलं. माझं घरात आईपुरतं, इंग्रजी शाळेनं पातळ केलेलं. ते बोलले की मला हसू यायचं, मी बोलले की त्यांना. त्यामुळे मी कमीच बोलायची.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या नावावर एकच मोठी गोष्ट असते. सरांची गोष्ट ताकाची. रक्त कमी असलेल्या बायकांनी लोहाच्या गोळ्या ताकाबरोबर घ्याव्यात, जास्त लागू पडतात, असं त्यांनी तरुणपणी लिहिलं होतं. पुढेही त्यांनी पुष्कळ लिहिलं. ते कुणी वाचलं नाही. ताकाचं मात्र परदेशातसुद्धा नाव निघायचं.

निवृत्तीच्या तोंडावर प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. ही शेवटचीच संधी. सरांच्या बायकोनं, आमच्या मामींनी, टी. नगरच्या बाजारातून त्यांना नवा शर्ट आणला. समितीला संदर्भांची संख्या हवी होती आणि ज्या पानावर संदर्भ आहे, ते पानही. तोवर आम्ही फक्त मोजत आलो होतो. आता मी पानं वाचली.

एकानं लिहिलं होतं, या मताला आम्हाला आधार सापडला नाही. दुसऱ्यानं, ताकामुळे लोह उलट कमीच अंगी लागतं. तिसरा सभ्य होता. त्यानं सरांच्या निष्कर्षाला ‘आश्चर्यकारक’ म्हटलं होतं. या सगळ्यांचा मैसूरपाक आम्ही खाल्ला होता.

“सर, आपण प्रत्येकाचं फक्त पहिलं पान जोडू या का?”

“का, मा?”

मी कागद पुढे सरकवले. सरांनी चष्मा लावला आणि सगळं वाचलं. कॉफीवर साय धरली.

“समस्त असेच?”

“दोन सोडून, सर.”

“ते दोघे कोण?”

“तुम्हीच. तुम्हीच तुमचा संदर्भ दिलाय.”

सर इतके हसले की शेजारच्या खोलीतून माणसं आली. मग म्हणाले, “सेरी, बरं. पूर्ण पानं जोड.”

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तिथं काय झालं ते त्यांनीच सांगितलं. समितीनं पानं उघडलीच नव्हती. आकडा पाहून अध्यक्ष खूश झाले, अभिनंदनाला हात पुढे केला.

“अन् मी म्हटलं, सार, मागचं पान पाहा.”

“का, सर? झालंच होतं की तुमचं.”

“कुठे तरी एखादी गर्भार पोर अजून ताकावर गोळी गिळत असेल ना, मा. अम्ही प्राध्यापक झालो तर ती गिळतच राहील.”

निवडीच्या यादीत दुसऱ्याचं नाव आलं. मामींनी तो शर्ट रोज घालायला काढला.

उरलेल्या दिवसांत सरांनी मला समोर बसवून एक छोटा निबंध लिहून घेतला: ताकाबद्दलचं जुनं मत चूक होतं, आणि ते का चुकलं. शेवटी त्यांनी लेखकांची नावं सांगितली. माझं आधी, त्यांचं मागून.

“सर, तुमचं चुकलं असं मी कसं लिहिणार?”

“पानं कोणी वाचली? अम्ही तर नुसते मोजत होतो.”

निबंध छापून आला तेव्हा सर मामींना घेऊन तंजावरला परतले होते. त्यांच्या खोलीत बसणारे नवे डॉक्टर मासिकाचा अंक हातात धरून आमच्या दारात आले.

“या पहिल्या लेखिका कोण?” त्यांनी विचारलं.

प्रयोगशाळेत सगळे इकडे तिकडे बघायला लागले. मी हात वर केला.