रॉबर्टचा कान आणि इटलीचे व्याही

बहरीनमध्ये बाल्कनी झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ हजर. आमच्या टोळक्यातल्या किस्स्यांचंही तसंच आहे. एक सांगून हात झटकावेत, तोवर दुसरा तयार. त्यातही वसईचा रॉबर्ट असला की झाडूच खाली ठेवता येत नाही!

रॉबर्ट एसीचा फोरमन, राहायला नईमला. त्याची पोरगी सँड्रा नर्स आहे. तिनं पसंत केला मार्को नावाचा इटालियन इंजिनीअर. मार्कोचे आईबाप पोरगी बघायला येणार, जेवण आमच्या झल्लाकच्या हॉटेलात. सँड्रानं बापाला बजावलं, "पप्पा, प्लीज, नो ड्रामा."

रॉबर्टची झोप उडाली. आपल्या हातून काही चुकलं आणि पोरीचं लग्न मोडलं तर? म्हणून तो माझ्याकडे आला. मी सातवी पास, पण इटालियन शेफच्या शिव्या खात त्याच्या प्लेटा वाढण्यात माझे केस पांढरे झालेत. म्हटलं, बस, शिकवतो.

* * *

पहिला धडा स्पॅगेटी. तोडायची नाही, सुरीनं कापायची नाही, काट्याला गुंडाळायची. पण त्याच्या बायकोनं, फिलोमिना वहिनींनी, ती आधीच मोडून टोपात टाकलेली. म्हणाल्या, "टोप माझा आहे, इटलीचा नाही."

दुसऱ्या खेपेला रॉबर्टनं अख्खी प्लेट एकाच काट्याला गुंडाळली. वहिनी म्हणाल्या, "आता त्याचा स्वेटर विणा."

* * *

दुसरा धडा कॉफीचा. दूध घातलेली कॉफी सकाळीच प्यायची. जेवणावर कॅपुचिनो मागितली, तर आमचा शेफ आत कपाळ बडवून घेतो. रॉबर्टनं प्रॅक्टिस म्हणून दुपारचा दुधाचा चहासुद्धा बंद केला. तिसऱ्या दिवशी तो घरात सगळ्यांवर गुरगुरायला लागला.

वहिनींनी मला फोन केला. "भावजी, पोरगी राहू दे बिनलग्नाची, पण ह्यांना चहा प्यायला सांगा."

* * *

मग गालाला गाल लावायचा धडा. रॉबर्ट म्हणाला, "त्यात काय, माझा बहरीनी बॉस दर ईदला लावतो." पण विहीणबाईंना कसा लावायचा? आधी कुठला गाल? प्रॅक्टिसला समोर मी. तो डावीकडून आला, मीही त्याच बाजूनं गेलो, दोघांचे चष्मे एकमेकांत अडकले. तेवढ्यात चहा घेऊन वहिनी आल्या. आम्हाला तसं बघून ट्रे घेऊन परत गेल्या.

* * *

शेवटचा धडा चिअर्सचा. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, हे अगदी खरं. त्याला मी आपली एक फोडणी दिली. म्हटलं, "पोरीच्या बापानं तेव्हा स्वतःचा उजवा कान धरायचा. फार जुनी पद्धत आहे, कुणाला विचारू नकोस." आयत्या वेळी खरं सांगून टाकेन असा विचार होता. पण रॉबर्ट आला तो थेट व्याह्यांबरोबरच, कोट घालून!

स्पॅगेटी झकास गुंडाळली गेली. गालही नीट लागले. मग ग्लास उचलले आणि रॉबर्टनं व्याह्यांच्या डोळ्यात बघत उजवा कान धरला.

सँड्रा मार्कोकडे बघतेय, मार्को सँड्राकडे. मी ट्रे धरून उभा. हसू तर केव्हाच पळालं.

समोर बसलेले व्याही दोन क्षण रॉबर्टला निरखत राहिले. मग, आरशात बघावं तसा, त्यांनी हळूच आपलाही कान धरला. विहीणबाईंनीही. म्हातारीच्या डोळ्यात पाणी. "ह्यांच्याकडची पद्धत किती गोड!" असं ती मार्कोला इटालियनमध्ये म्हणाली, शेफच्या कृपेनं मला तेवढं कळतं, आणि उठून तिनं सँड्राचा मुका घेतला. खलास, लग्न ठरलं!

* * *

लग्न इटलीत, मार्कोच्या गावी झालं. मला कुठली लीव्ह मिळायला! रॉबर्टनं व्हिडिओ पाठवला. मांडवभर माणसं, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, खुद्द फादरसुद्धा, एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात कान.

खाली रॉबर्टचा व्हॉइस मेसेज होता. आवाज जरा रागावलेला.

"तुझी पद्धत खरी निघाली रे. पण शिकवलीस अर्धवट. इथे सगळे डावा कान धरतात."