बोअरच्या पाण्यावरचा आफ्रिकन

कसब्यातल्या माणसाला पुण्याच्या पाण्याचा जेवढा माज असतो, तेवढा दुसऱ्या कशाचाच नसतो. मी जन्माने कसबा पेठेतला. हडपसरला फ्लॅट घेतला तेव्हा थोरला भाऊ एवढंच म्हणाला, "घर चांगलंय. पाणी बोअरचं ना?" टोमणा झोंबला, कारण खरा होता. आमच्या नळांवर पांढरे थर चढतात, डाळ शिजता शिजत नाही आणि गीझर दर दोन वर्षांनी राम म्हणतो.

या घरात मी मासा आणला. आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातला सिक्लिड, अंगावर जिराफासारखे तपकिरी ठिपके. दुकानदाराने बजावलं होतं, हा शिकारी आहे, लहान मासे जवळ ठेवू नका. मला वाटलं, अंगठ्याएवढा जीव, कसली शिकार करतोय! जरा वाढला आणि त्याने आठ गप्पी गिळले. मग सोबतीला दोन गोल्डफिश आणले, तर त्यांच्या शेपट्या अशा कुरतडल्या की मी ते मुकाट्याने परत देऊन आलो. टाकीत एकटा उरला तेव्हा कुठे गडी खूश झाला. आम्ही त्याला नाव ठेवलं नाही; नावं मात्र घरात सगळ्यांनी ठेवली. काचेजवळ कोणी गेलं की तोंड वासून अंगावर यायचा. टाकी साफ करायला हात घातला की बोट धरायचा.

"अहो, हे विकतचं दुखणं कशाला आणलंत?" बायको म्हणायची.

मला मात्र तो फार आवडायचा. कुणाची भीडभाड न ठेवणारा आमच्या घरात तोच एक होता.

अशा माशाला बोअरचं पाणी घालायला माझं मन होईना. म्हणून दर रविवारी स्कूटरवरून कसब्यात जायचं आणि भावाच्या नळाचं धरणाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून आणायचं, एक पायाशी, एक मागे बांधून. ते दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडाला की टाकीत ओतायचं. भाऊ कॅन हातात देताना विचारायचा, "तुम्ही मात्र तिथलंच पिता ना?"

चौथ्या महिन्यात माशाने खाणं सोडलं. आधी दगडांना अंग घासायचा, मग तेही थांबलं. पर मिटून कोपऱ्यात पडून राहू लागला. ठिपके फिके पडले. बोट पुढे केलं तरी बघेना. मी घाबरून त्या आठवड्यात तीनदा कसब्यात गेलो आणि ताजं गोड पाणी आणून घातलं. तो आणखीच मलूल झाला. एरवी त्याच्या नावाने बोटं मोडणारी बायको एका संध्याकाळी टाकीजवळ बसून म्हणाली, "वाचेल ना हो?"

दुसऱ्या दिवशी मासा घेतला होता ते कसब्यातलं दुकान गाठलं. दुकानदाराने वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही.

"पाणी कुठलं घालता?"

"इथलंच, कसब्यातलं. हडपसरपर्यंत वाहून नेतो," मी ऐटीत सांगितलं.

"आणि तिकडे नळाला काय येतं?"

"बोअरचं. एकदम जड."

आता वर्तमानपत्र खाली आलं. "साहेब, याच्या तळ्याचं पाणी जडच असतं. आपल्या धरणाचं पाणी याला फार हलकं. घरी त्याचं अमृत वाहतंय आणि तुम्ही स्कूटरवरून आजारपण नेताय. पण एकदम बदलू नका. रोज बोअरची एक बादली, बास."

मला भयंकर लाज वाटली. माझ्या माजापायी त्या जिवाचे हाल झाले होते. घरी आलो आणि ज्या नळाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, त्याच्याखाली बादली लावली.

तिसऱ्या दिवशी त्याचे पर उघडले. सहाव्या दिवशी ठिपके गडद झाले. दहाव्या दिवशी सकाळी बादली ओतून मी टाकीतला दगड सरळ करत होतो, तोच तो कोपऱ्यातून बाणासारखा आला आणि त्याने माझं बोट कडकडून धरलं. चक्क रक्त आलं.

"चावला!" मी ओरडलो. "अगं, चावला!"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. आधी बोटाकडे बघितलं, मग टाकीकडे, आणि डोळे पुसत हसायलाच लागली. "हळद आणते. आणि त्याला खायला घाला काहीतरी, नाहीतर तुमची बोटं पुरायची नाहीत."

तो त्या दिवशी इतकं जेवला, की मला स्वतःचं पोट भरल्यासारखं वाटलं.

दिवाळीला भाऊ आला. मासा आता वीतभर झाला होता, डोक्यावर निळाई चढली होती. भाऊ काचेशी वाकला, तसा तो तोंड वासून अंगावर आला. भाऊ दोन पावलं मागे सरला.

"वा! आमच्या पाण्यावर चांगलाच पोसलाय की."

"नाही दादा. तुझ्या पाण्याने तो मरायला टेकला होता. हा जगलाय तो आमच्या हडपसरच्या बोअरवर."

भाऊ पुन्हा काचेकडे वाकला, या वेळी जरा लांबूनच. आणि मी 'आमच्या हडपसरच्या' म्हणालो, तेही इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा चहा निवून गेला होता.