पिवळे कुर्ते आणि निळ्या पेशी

आमच्या वसाहतीतल्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष माझी ओळख करून देताना म्हणत, "या आमच्या डॉक्टर. म्हणजे औषध देत नाहीत, काचेवर रक्त बघतात." त्यात खोटं काही नव्हतं. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली कोणती पेशी कोणत्या जातीची ते सांगायचं, हे माझं काम. पेशंट मला सहसा भेटत नाही, आणि बरा झाला की आभार दुसऱ्याचे मानतो.

अध्यक्ष केंद्र सरकारात वरच्या हुद्द्यावर होते आणि मंडळही खात्यासारखंच चालवत. आरतीला प्रमुख पाहुणे, पाहुण्यांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल. त्या वर्षी त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी पिवळे कुर्ते घालायचे. दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरात देशभरातली माणसं राहतात, त्यांत मराठी मंडळी एका नजरेत ओळखू यायला हवीत, हा त्यांचा मुद्दा. कुर्ते ज्यानं त्यानं सरोजिनी नगरच्या बाजारातून आणायचे होते.

"तिथे पिवळा म्हणजे नक्की कुठला पिवळा?" मी बैठकीत विचारलं.

"मॅडम, पिवळा म्हणजे पिवळा. एकसारखं दिसलं की शिस्त दिसते."

गणपती पंधरवड्यावर आले असताना त्यांची आठवीतली मुलगी तापानं आडवी झाली. त्या दिवसांत दिल्लीत ताप आला की प्रत्येक घर आधी डेंग्यूचं नाव घेतं. त्यांनीही बाहेरच्या लॅबमध्ये तपासणी केली. रिपोर्ट थेट फोनवर आला. प्लेटलेट्स व्यवस्थित होत्या, पण पांढऱ्या पेशी मोजणाऱ्या यंत्राला काही पेशी ओळखता आल्या नव्हत्या, म्हणून त्यानं खाली लिहिलं होतं: 'ब्लास्ट?' ब्लास्ट म्हणजे एरवी रक्तात न दिसणारी कच्ची पेशी. ती रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसते. यंत्र शंका आली की प्रश्नचिन्ह टाकतं आणि मोकळं होतं. पुढचं आईबापांनी इंटरनेटवर वाचायचं.

सकाळी दार उघडलं तर अध्यक्ष उभे होते. शर्ट खोचलेला नव्हता. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही बघाल का?" इतकंच म्हणाले.

मुलीला घेऊन ते माझ्या लॅबमध्ये आले. तिचं ताजं रक्त घेतलं, घसा आणि मान तपासली, तिला बाहेर बाकावर बसवलं. काचपट्टी रंगात असेपर्यंत अध्यक्ष माझ्याजवळ स्टुलावर बसून होते.

"इथे वरिष्ठ कोण असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच."

"अच्छा," म्हणाले.

डोळा लावल्याबरोबर पहिली पेशी दिसली. नेहमीच्या लिंफोसाइटच्या, म्हणजे साध्या छोट्या पांढऱ्या पेशीच्या दुप्पट, गडद निळी. यंत्र दचकलं त्यात नवल नव्हतं, क्षणभर मीही दचकले. मग मी तिचं केंद्रक बघितलं. ब्लास्टचं केंद्रक चाळलेल्या मैद्यासारखं बारीक पोताचं असतं, आत एखाददुसरा फिकट ठिपका, आणि भोवती निळी किनार जेमतेम. हिचं केंद्रक जाडंभरडं, गुठळ्या झाल्यासारखं होतं. भोवतीचा निळा भाग ऐसपैस पसरलेला, आणि शेजारच्या तांबड्या पेशीला जिथे टेकला तिथे तिच्या गोलाईप्रमाणे वळलेला. पण एका पेशीवर विश्वास ठेवायचा नसतो. मी काचपट्टी पुढे सरकवत राहिले. दुसरीचं केंद्रक राजम्यासारखं वाकडं, तिसरी पसरट, चौथी अगदीच लहानखुरी.

माझ्या मायक्रोस्कोपला समोरच्या बाजूनंही बघायची सोय आहे. मी त्यांना बघा म्हटलं.

"मला केस दिसतायत. काळे."

"त्या तुमच्या पापण्या. थोडं मागे व्हा."

जरा वेळानं ते म्हणाले, "या निळ्या. पण एक अशी, एक तशी. काहीतरी गडबड आहे ना?"

"एक अशी, एक तशी आहे म्हणूनच मला बरं वाटतंय. ब्लास्ट असत्या तर बहुतेक एका साच्यातून काढल्यासारख्या दिसल्या असत्या. शरीर विषाणूशी लढायला निघतं तेव्हा पेशी असतील त्या कपड्यांत बाहेर पडतात."

"म्हणजे नाही?"

"मला एकही ब्लास्ट दिसलेली नाही. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स जागेवर आहेत. सुजलेला घसा, मानेतल्या गाठी, सगळं विषाणूकडेच बोट दाखवतंय. त्याची एक चाचणी लावते, आणि आठवड्यानं पुन्हा रक्त बघू. तोवर खात्रीनं बोलणार नाही. तिच्या डॉक्टरांना आजच दाखवा."

"लेखी द्याल?" सवयीनं विचारून गेले, आणि स्वतःच खाली बघू लागले.

"देते की."

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा डोळा लावला. माझं काम झालं होतं, पण मी काचपट्टी तशीच राहू दिली. तेवढ्यात मुलगी दारातून म्हणाली, "बाबा, चलो ना. मला भूक लागलीये."

"काय म्हणालीस?"

"भूक. पराठा पाहिजे."

बरेच दिवस तिनं धड काही खाल्लं नव्हतं. ते असे उठले की स्टूल पडलं.

आठवडाभर ते रोज जिन्यात भेटले आणि रोज हवेबद्दल बोलले. चाचणीनं विषाणूच सांगितला. गणपतीच्या आदल्या दिवशी मी दुसरी काचपट्टी बघितली. मोठ्या निळ्या पेशी तुरळक उरल्या होत्या, बाकी साधा, कंटाळवाणा लिंफोसाइटांचा घोळका. मी फोन केला. त्यांनी मला आकडे दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "ठीक. बिल्कुल ठीक."

दुसऱ्या दिवशी आरतीला पिवळे कुर्ते जमले. हळदी, लिंबू, आमरस, आणि एक पहिल्याच धुण्यात शरण गेलेला. मंडळाच्या चिटणीस बाई अध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, ही तुमची शिस्त."

त्यांनी ती रांग नीट निरखली. "असू दे. असंच बरं असतं," म्हणाले. चिटणीस बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी गणपतीकडे.

मुलगी निळ्या टी-शर्टात आली होती. पायांत जोर नव्हता, म्हणून जवळ दिसली त्या पांढऱ्या टॉवेलच्या खुर्चीवर बसली. प्रमुख पाहुणे आले तेव्हा कुणीतरी तिला उठवायला निघालं. अध्यक्षांनी हातानंच थांबवलं आणि पाहुण्यांसाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली.

पाहुण्यांनी भाषणात मंडळाच्या एकसारख्या पोशाखाचं कौतुक केलं. ते त्यांना आधीच लिहून दिलेलं होतं. मुलगी तोवर टॉवेलवर डोकं टेकून झोपली होती, अर्धा मोदक हातातच.