फोल्डरच्या नावापुढचा श्री
कापराचा वास आला की मला अकोटच्या जिनिंगमधली मुहूर्ताची सकाळ आठवते. कापसाच्या गाड्यांना गेटपास देणारा माझा प्रोग्राम त्या दिवशी पहिल्यांदा कामाला लागणार होता. संगणकाला हार घातला होता, आमदार नारळ घेऊन उभे होते आणि गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. मी कमांड दिली. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली : फाइल सापडली नाही. आदल्या संध्याकाळी तर सगळं सुरळीत चाललं होतं. पुन्हा कमांड दिली, पुन्हा तेच. "काहून चालू नाही होऊन राहिलं?" मालक म्हणाले. "पाच मिनिटात नाही झालं त आपली वहीच बरी." माझी वर्षाची मेहनत त्या पाच मिनिटांवर आली. आमदारांनी प्रगतीवरचं भाषण दुसऱ्यांदा सुरू केलं. मी फोल्डरांची यादी काढली, तर माझ्या फोल्डरच्या नावापुढे कोणीतरी 'श्री' जोडला होता. "मीच लावला," म्हातारे दिवाणजी म्हणाले, "नव्या कामाले श्री नको काय, भाऊ?" एवढ्या लोकांसमोर श्री पुसायची माझ्यासारख्या नास्तिकाचीही छाती झाली नाही. मी कमांडमधला पत्ताच बदलला आणि पहिला पास छापून निघाला. आता कुठलाही प्रोग्राम अडला की मी आधी विचारतो, याचं भलं कोणी केलं?