आनेकलच्या शेतावरचा कांगल

मी जनावरांची डॉक्टर. बनशंकरीत माझा दवाखाना आहे. कुजलेल्या जखमा, कानातला पू, शेपटीखाली वळवळणारे किडे हे सगळं हाताळून, हात धुऊन, मी दुपारी शांतपणे डबा उघडते. घाणीची मला सवय आहे. म्हणून आधीच सांगते, गेल्या वर्षी माझ्या मनात जी शिसारी बसली ती कुत्र्याच्या जखमांची नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पुण्याचा. इथे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच गावात. आमच्या बोलण्यात निम्मी कन्नड, त्यामुळे सुरुवातीला तो आमच्या मराठीला हसायचा. माणूस वाईट नाही असंच मी बरीच वर्षं समजत होते. आई हॉस्पिटलात होती तेव्हा तो रोज ऑफिसातून थेट यायचा.

त्याने तीन मित्रांबरोबर आनेकलच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला जमीन घेतली. आंबे लावले, छोटं घर बांधलं, आणि शेत म्हटलं की जनावर हवं म्हणून पंधरा-वीस शेळ्या आणल्या. राखणीला एक पन्नाशीचं जोडपं ठेवलं. आम्ही सगळे त्यांना अण्णा आणि अक्काच म्हणायचो. एका महिन्यात तिथल्या दोन शेळ्या गेल्या. वनखात्याच्या माणसांनी येऊन पंजाचे ठसे पाहिले आणि सांगितलं, ‘बिबट्या आहे. गोठ्याला वरून जाळी मारून घ्या.’

जाळी मारायला दोन दिवस लागले असते. मेहुण्याने जाळी मारली नाही. तो कुत्रा घेऊन आला.

‘ताई, कांगल आहे, कांगल! टर्कीचा ब्रीड. तिकडे लांडग्यांना फाडतो. बिबट्या काय चीज आहे? तू फक्त त्याची इंजेक्शन्स करून दे.’

आईने नाव ऐकलं आणि म्हणाली, ‘कंगाल? असं कसं गे नाव कुत्र्याचं?’

मी रविवारी गेले. कुत्रा खरंच देखणा होता. मातकट पिवळा रंग, काळं तोंड, साठ किलोच्या वर वजन, वय जेमतेम दीड वर्ष. कान मुळापासून कापलेले. ‘लढताना कानाला धरतात ना, म्हणून ब्रीडरनेच कापून दिले,’ मेहुणा म्हणाला. एका कानाची कड अजून ओली होती आणि तिथे माश्या बसत होत्या. गोठ्यासमोर लोखंडी खांब रोवला होता, त्याला हातभर साखळी, आणि साखळीच्या टोकाला हे एवढं जनावर. उठायचं, अर्धी गिरकी घ्यायची, परत बसायचं. शेळ्या त्याला बघून गोठ्याच्या मागच्या कुडाला चिकटून उभ्या होत्या. त्याने जन्मात शेळी पाहिली नव्हती आणि शेळ्यांनी असलं काही पाहिलं नव्हतं.

माझं लक्ष मग वर गेलं. गोठ्याच्या आढ्याला दोन आणि आंब्याच्या झाडाला एक असे तीन कॅमेरे होते. तिन्ही कुत्र्याकडे वळवलेले.

‘शेळ्यांकडे एकही नाही?’ मी विचारलं.

‘ॲक्शन इथे होणार ना, ताई!’ एक मित्र म्हणाला. तो मक्याचे चिप्स खात होता. बोटं कुत्र्याच्या पाठीला पुसून त्याने मला फोन दाखवला. चौघांचा ग्रुप होता, नाव ‘बिबट्या वर्सेस कांगल’. त्यात कुठल्या कुठल्या देशांतले व्हिडिओ. सिंहापुढे कुत्रा, वाघापुढे कुत्रा, आणि खाली हसरे चेहरे.

मी मेहुण्याला बाजूला घेतलं. ‘बांधलेला कुत्रा राखण करत नाही. त्याला मोकळा ठेव. सोबतीला दुसरा आण. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाल. आणि आधी जाळी मार.’

‘मोकळा सोडला तर पळून जाईल गं. बघू, हळूहळू करू.’

मी इंजेक्शनं दिली, कानाला मलम लावलं, कार्डावर सही केली. तेवढंच केलं. आणखी भांडायला हवं होतं. पण बहिणीने चहा केला होता, हवा छान होती, आणि नवऱ्याच्या माणसांसमोर तिचा चेहरा उतरलेला मला बघवत नाही.

परत येताना रस्त्याच्या कडेच्या पडीक रानात एका धनगराचा कळप बसला होता. त्याची तीन कुत्री होती. मी गाडी थांबवली. कुत्री मध्यम अंगाची, कुठल्याही जातीची नाहीत, आणि तिघांच्या गळ्यात बाहेर टोकं आलेले खिळ्यांचे पट्टे. एका म्हाताऱ्या कुत्रीच्या मानेवर केस नसलेला, चामड्यासारखा गुळगुळीत डाग होता. मी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्याने ती मला हात लावून पाहू दिली.

मी विचारलं, ‘यांनी बिबट्या मारलाय कधी?’

तो कन्नडमध्येच बोलला. त्याला माझ्या प्रश्नाचं जरा हसू आलं. ‘मारायचा कशाला, अक्का? बिबट्यासमोर एकटं कुत्रं म्हणजे त्याचं जेवण. कितीही मोठं असू दे. यांचं काम ओरडायचं. एक इकडून ओरडतं, दोन तिकडून. बिबट्याला वाटतं, आज कटकट आहे, दुसरीकडे जाऊ. तोवर मी काठी घेऊन उठतो. झालं.’

‘आणि उठला नाहीत तर?’

‘मग कुत्रं जातं.’ त्याने म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला. ‘हिच्या आधीची चार गेली माझी. एकदा मला झोप लागली होती.’

ही शेवटची गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली. मी विचारलीही नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी सातला, अनोळखी नंबरवरून फोन आला. शेतावरची अक्का होती. लशीच्या कार्डावरचा माझा नंबर तिने कुणाकडून तरी वाचून घेतला होता. ‘डॉक्टरम्मा, कुत्रं मेलं असं वाटलं होतं. मेलं नाही. श्वास घेतंय. लवकर या.’

पाऊण तासात पोचले. कुत्रा खांबापाशीच पडला होता. साखळी ताठ. मानेच्या दोन्ही बाजूंना सुळ्यांची खोल भोकं होती आणि श्वासाबरोबर त्यांतून बुडबुडे येत होते. कातडीखाली हवा भरून मान आणि छाती फुगली होती. बोटांनी दाबलं की पापड चुरल्यासारखं वाटायचं. जखमांच्या कडेला माश्यांनी पांढरी अंडी घालून ठेवली होती. म्हणजे बराच वेळ झाला होता. अण्णा-अक्काने त्याला चादरीत घालून व्हरांड्यातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर उचलून ठेवलं. भूल दिली, केस कापले, अंडी खरवडली, जखमा धुतल्या, फाटलेली श्वासनळी शिवली, नळ्या बसवल्या. अडीच तास लागले. अक्का सलाइनची बाटली धरून उभी होती. एकदाही तिचा हात खाली आला नाही.

शेवटचा टाका घालताना मी तिला विचारलं, ‘कधी झालं हे?’

‘काल तिन्हीसांजेला.’

‘काल? मग मला आत्ता फोन?’

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो अंगणात जाऊन बसला. मग ती म्हणाली, ‘हे काठी आणि वाजवायला डबा घेऊन निघाले होते. मी लाइटच्या बटणावर हात ठेवला होता. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. ते तिकडे घरी मोबाईलवर बघत होते. म्हणाले, बाहेर जाऊ नका. लाइट लावू नका, पळून जाईल.’

‘कोण पळून जाईल?’

‘चिरते.’ कन्नडमध्ये बिबट्याला म्हणतात ते. ‘नंतर म्हणाले, कुत्रं संपलं, आता सकाळी बघा.’

मी हातमोजे काढले. मी खरोखरच मोरीत जाऊन ओकले. तेवीस वर्षांच्या डॉक्टरकीत पहिल्यांदा.

दहाच्या सुमाराला मेहुणा आणि चिप्सवाला मित्र आले. मेहुणा कुत्र्याकडे बघून म्हणाला, ‘ओ माय गॉड, जगला? काय फायटर आहे!’ आणि त्याने फोन काढून शिवलेल्या मानेचा फोटो घेतला. मित्र थेट कॅमेऱ्याचं कार्ड काढायला गेला.

‘तू यांना बाहेर जाऊ दिलं नाहीस,’ मी म्हणाले.

‘अगं ताई, त्यांच्या सेफ्टीसाठीच ना! बिबट्यासमोर माणसं पाठवू?’

‘आणि लाइट?’

त्याने मित्राला फोन काढायला सांगितला. ‘तू बघ तर आधी.’

आणि मी बघितलं. चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ नव्हता. बिबट्या कुडाच्या सावलीतून आला. कुत्र्यापेक्षा लहान होता तो. कुत्रा उभा राहिला, भुंकला, आणि मग त्याने मागे सरायला पाहिलं. साखळीने त्याला जागेवरच फिरवलं. लढाई वगैरे काही नव्हती. बिबट्याने मान धरली आणि धरूनच ठेवली. नंतर तो त्याला ओढायला लागला, तीनदा ओढलं, साखळी सुटली नाही, आणि टाकून निघून गेला. घरी बघता बघताच त्यांनी ते मोबाईलवर टिपलं होतं, त्यामुळे चित्राबरोबर बहिणीच्या घरातल्या सोफ्यावरचे आवाजही आले होते. कुणीतरी ‘पकड, पकड’ म्हणत होतं. मेहुण्याचा आवाज मी ओळखला. तो ‘शिट, शिट’ म्हणत होता आणि हसत होता.

मित्र म्हणाला, ‘परत लावू?’ मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत पाहिलं.

कुत्रा जगला. दोन आठवड्यांनी आईची पंच्याहत्तरी होती. बहिणीच्या घरीच जेवण होतं, तीस-चाळीस माणसं, बासुंदी-पुरी. जेवणं चालू असतानाच एक फोन पंगतीतून फिरू लागला. मेहुण्याच्या ग्रुपने व्हिडिओ कापून पसरवला होता. त्यात फक्त पहिलं भुंकणं होतं आणि बिबट्याचं निघून जाणं. वर लिहिलं होतं, ‘कांगलसमोर बिबट्याची माघार’. मधलं सगळं गायब. मोठे काका बासुंदीची वाटी तोंडाला लावून म्हणाले, ‘शाब्बास! याला म्हणतात कुत्रा.’ त्यांच्या मिशीला साय लागली होती. शेजारच्या मामी म्हणाल्या, ‘आमच्या लेकालाही हाच घ्यायचाय, फ्लॅटमध्ये राहतो का हो?’ मेहुणा हात जोडून अभिनंदन घेत होता. समोरच्या पानात तूप थिजलं होतं आणि मला त्याचा वास सहन होईना.

मी उभी राहून सगळं सांगितलं. साखळी, कॅमेरे, लाइट लावू नका, रात्रभर त्याचं तसंच पडून राहणं. आवाज न चढवता सांगितलं. पंगतीत कुजबुज सुरू झाली.

मेहुण्याने मान वर केली. ‘ताई, तू पण बघितलास ना व्हिडिओ? दोनदा?’

तो चिडून बोलला नव्हता. अगदी साधा प्रश्न होता. मी बसले.

आई म्हणाली, ‘स्वल्प गप्प बसा गे सगळे. वाढा पुढे.’ आणि लोक जेवू लागले. मला राहून राहून त्याचंच नवल वाटतं. सगळ्यांनी परत बासुंदी मागून घेतली.

बहीण मात्र त्या पूर्ण वेळात खाली बघून वाढत राहिली होती. चौथ्या दिवशी दुपारी दवाखान्यासमोर तिची गाडी थांबली. मागच्या सीटवर कुत्रा होता, बाहेर काढायला आम्हाला दोघींना खेचावं लागलं. ‘तू ठेव याला,’ ती म्हणाली.

‘नवऱ्याला विचारलंस?’

‘नाही. आणि गोठ्याला जाळीही मारून घेतलीय काल. उभं राहून.’ ती आत येऊन पाण्याचा अख्खा तांब्या प्यायली. ‘त्या संध्याकाळी मी पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होते, ताई. मला वाटलं मॅच चाललीय.’

मी धनगराला विचारून पाहिलं, नेतोस का. त्याने मान हलवली. ‘मेंढरांत वाढलेलं नाही ते. आता शिकणार नाही. आणि इतकं खायला मी कुठून घालू?’ सरी, ठीक आहे, म्हटलं. कुत्रा दवाखान्यामागच्या अंगणात राहिला. त्याचा आवाज गेला आहे; भुंकतो तेव्हा जुन्या पंपातून हवा निघाल्यासारखं काहीतरी होतं. मांजरांना घाबरतो. माझ्याकडे येणारी पर्शियन मांजरं त्याच्याकडे बघून गुरगुरली की टेबलाखाली शिरतो, आणि टेबल त्याच्या पाठीवर उचललं जातं.

परवा मेहुणा आला होता. नव्याने दोन पिल्लं घेतोय, त्याच जातीची, या वेळी जोडी, ‘तूच म्हणाली होतीस ना, ताई.’ त्यांची इंजेक्शनं मी करणार का, असं विचारायला आला होता. नाही म्हटलं. ‘ठीक आहे, दुसरा डॉक्टर बघतो,’ म्हणाला, राग न धरता. जाताना म्हणाला, ‘एक फोटो घेऊ का याच्याबरोबर?’

मी काही म्हणायच्या आत तो अंगणात गेला. कुत्र्याने त्याला ओळखलं. सगळं अंग हलेल अशी शेपटी हलवली, त्या पंपाच्या आवाजात भुंकला, आणि पुढे होऊन त्याचा हात चाटायला लागला, बोटांच्या मधेमधे, मन लावून. मेहुणा गुडघ्यावर बसला, एका हाताने त्याची मान कवटाळली, टाके होते तिथेच, आणि दुसऱ्या हाताने फोन लांब धरून हसला.

मला ते पाहवेना. मी आत जाऊन पुढच्या पेशंटला बोलावलं.